गोदीची सुई

जव्हारच्या एसटी डेपोबाहेर प्रांजलच्या फोटोचा फलक लागला, त्या दिवशी सुशीलाने ड्यूटीला जाताना वाट बदलली. बाजारातून गेली, तर तिथेही तोच फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'जव्हारच्या सुकन्येचा सत्कार'.

सुशीला मोठी, प्रांजल धाकटी. शाळेत हुशार म्हणून नाव होतं ते सुशीलाचं. पण वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा लवकर नोकरी लागावी म्हणून तिने नर्सिंग धरलं आणि धाकटी शिकायला पुण्याला गेली. पुढे परदेशात, मग परत पुण्याला, स्वतःच्या प्रयोगशाळेत. तिचं काम नेमकं काय, हे गावात कुणाला धड सांगता येत नसे. 'साखरेवरचं काहीतरी शोधलंय,' एवढंच. तरी हल्ली बाजारात सुशीलाची ओळख करून देताना लोक म्हणत, "या आपल्या प्रांजल मॅडमच्या बहीण." ते ऐकलं की सुशीला पिशवी उचलून चालू लागे.

सत्काराला ती दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसली. आई सारखी पदराने डोळे टिपत होती. सुशीलाला नोकरी लागली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. रडली मात्र नव्हती.

प्रांजल बोलायला उभी राहिली. साधंच बोलली. "आपल्या स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन बनवतात. रक्तात साखर वाढली की त्या पेशींवरची एक झडप मिटते आणि इन्सुलिन बाहेर पडतं. काही बाळांची ही झडप जन्मापासूनच उघडी अडकलेली असते. इन्सुलिन आत असतं, पण सुटत नाही. मग त्या लेकराला आयुष्यभर सुया. खरं तर झडप मिटवणारी एक जुनी गोळी आहे. कुठल्या बिघाडाला ती लागू पडेल, हे आम्ही पेशींवर तपासून सांगतो. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेलं बाळ कुणाच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर कळवा."

सुशीलाला एकदम आठवली ती गोदी!

सूर्यमाळच्या एका पाड्यावरची गोदी. दोन महिन्यांची असताना निपचित अवस्थेत सुशीलाच्या सरकारी दवाखान्यात आली, तेव्हा तिची साखर पहिल्यांदा तपासली ती सुशीलाने. तिच्या आईला, कोंडीला, इन्सुलिन भरायला, टोचायला आणि माठाच्या गारव्यात जपायला शिकवलं तेही तिनेच. आता पोर तीन वर्षांची झाली होती. डॉक्टर बदलत गेले. कोंडी मात्र सुशीला सिस्टरलाच शोधत येई. ही मायलेकी म्हणजे सुशीलाने एकटीने कमावलेलं काहीतरी होतं.

टाळ्या थांबल्या. सुशीलाने हात वर केला नाही.

घरी जेवताना प्रांजलने विचारलंसुद्धा. "ताई, तुझ्याकडे असं एखादं मूल आलं होतं का गं?"

"आमच्याकडे कुठलं असलं," सुशीला म्हणाली आणि भात वाढायला उठली.

प्रांजल पुण्याला गेली. सुशीला स्वतःला समजावत राहिली, गोदीचं नीट चाललंय, उगाच कशाला घोळ. पण एकटी असली की मनातला खरा विचार वर येई. हेही प्रांजलचंच होणार. पोर माझी, आणि फोटो तिचा लागणार.

दहाएक दिवसांनी भर दुपारी कोंडी मिळेल त्या जीपने येऊन गोदीला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावत आली. विहीर आटलेली, म्हणून सुई टोचून ती पाण्याला खाली दरीत उतरली होती. पोरीने काही खाल्लंच नाही. परतली तर गोदी घामाने थबथबलेली, हाक मारूनही डोळे उघडेना. उपाशीपोटी सुईने साखर पार खाली गेली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज द्यायला सुरुवात केली. सुशीला तो इवलासा हात घट्ट धरून बसली. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले आणि सुशीलाला पाहताच घाबरून रडू लागली.

सुशीला व्हरांड्यात आली आणि तिने पुण्याला फोन लावला.

"प्रांजल, एक मूल आहे माझ्याकडे."

रक्त पुण्याला गेलं. झडपेच्या जनुकात बिघाड निघाला, पण तो कुठे नोंदलेला नव्हता. गोळी चालेल की नाही, सांगता येईना. प्रांजलच्या प्रयोगशाळेत तोच बिघाड पेशींमध्ये उतरवून त्यांना गोळीचं औषध दिलं. झडप मिटली. मग नाशिकच्या डॉक्टरांनी गोदीला दवाखान्यात ठेवून सुई हळूहळू कमी केली, गोळी वाढवली. गोदी घरी आली ती सुईविना.

पावसाळ्यानंतर प्रांजल तिला बघायला आली. दोघी बहिणी जीपने सूर्यमाळला गेल्या. कोंडीने पाण्याचा तांब्या आधी प्रांजलपुढे धरला.

"माझे पोरीची सुई सोडवलीत बाय तुमी," ती म्हणाली आणि वाकली.

गोदी सुशीलाला पाहून कणगीमागे लपली होती. प्रांजलने हात पुढे केला, तशी सरळ येऊन तिच्या मांडीवर बसली. तीन वर्षांत ती सुशीलाच्या मांडीवर कधी बसली नव्हती. सुशीलाने तोंड फिरवून साखर मोजायचं यंत्र बाहेर काढलं. बोटाला टोचायचं काम आजही तिचंच होतं. टोचलं, पोर किंचाळली, आकडा चांगला आला.

परतीच्या घाटात प्रांजल एकदम म्हणाली, "ताई, माझ्या भाषणात मी सांगितलं, तेव्हाच तुला गोदी आठवली असेल ना?"

सुशीलाला खोटं बोलता आलं असतं. "तेव्हाच आठवली."

"मग घरी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुला द्यायची नव्हती," सुशीला म्हणाली. "बाकी सगळं तुझंच आहे. ही एक माझी होती."

प्रांजलचे डोळे भरले, की वाऱ्याने चुरचुरले, सुशीलाने वळून पाहिलं नाही. जीप जव्हारच्या पठारावर चढली, तेव्हा धाकटी म्हणाली, "तिचं वजन वाढेल तसा गोळीचा डोस बदलावा लागेल. दर महिन्याला वजन आणि साखर कोण कळवणार डॉक्टरांना?"

"मी कळवीन."

"मलाही कळव."

सुशीलाच्या छातीतली जळजळ अजून तशीच होती, आणि ती एका दिवसात विझणारी नव्हती, हेही तिला ठाऊक होतं.

"कळवीन," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला तिने जीप आधी दवाखान्याकडे घ्यायला सांगितली. तिची संध्याकाळची ड्यूटी होती.