मार्चमधला ईमेल

ब्रँडीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि लॅपटॉप खाडकन मिटला. तिच्या आईची, वांडाची, बोटं थोडक्यात वाचली.

"अगं, दोनच आकडे राहिले होते!"

"सोशल सिक्युरिटी नंबरचे, ज्यावरून तुझं बँकखातंही लुटता येतं? आई, तीस वर्षं शाळेची बस चालवलीस, अनोळखी माणसाला कधी चढू दिलंस?"

"हा अनोळखी कुठला? भरपाई मंजूर झाली म्हणतोय."

दोन वर्षांपूर्वी वांडाच्या प्रेशर कुकरचं झाकण उडालं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तसेच पोळलेल्या शेकडो जणांनी मिळून कंपनीवर दावा लावला होता. वांडाची दोन बोटं अजून मिटत नव्हती. शस्त्रक्रियेचा खर्च त्या भरपाईतूनच निघणार होता.

ब्रँडीने लॅपटॉप पुन्हा उघडला. "वाच. 'प्रिय ग्राहक.' तुझं नावसुद्धा ठाऊक नाही मेल्याला. पाठवणाऱ्याचा पत्ता बघ, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. आणि आधी चाळीस डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवा म्हणे! तुला पैसे देणारा तुझ्याकडेच पैसे मागतो?"

"ओरडू नकोस, बाळ दचकतंय. मार्चमध्येही अशीच ओरडली होतीस. तो ईमेलही खोटाच होता ना?"

ब्रँडीने नकोशा ईमेलांचा ढीग उपसायला घेतला.

मार्चमधला ईमेल रुक्ष होता. कोलंबस शहरातल्या न्यायालयाचं नाव, खटल्याचा क्रमांक, वांडाचं पूर्ण नाव, दाव्याचा क्रमांक. वांडाने ड्रॉवरमधून दावा नोंदवल्यावर आलेलं पोस्टकार्ड काढलं. क्रमांक तोच. कुणी काही मागितलं नव्हतं. पैसे चेकने हवेत की बँकेत, एवढंच कळवायचं होतं.

मुदत परवा संपली होती.

"मीच फेकला," ब्रँडी म्हणाली. "या भामट्यांनी असं करून ठेवलंय, की खरा माणूस दारात आला तरी आपण कुत्रं सोडतो."

तिने ईमेलमधल्या नंबरला हात लावला नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावरून नंबर शोधून फोन केला. अर्ध्या तासाने एक बाई बोलली. मुदत गेली होती, पण उशिराचं कारण लिहून पाठवलं तर न्यायाधीश विचार करतील. नक्की काही सांगता येणार नाही.

ब्रँडीने कागद ओढला.

"मी आजारी होते, असं लिही," वांडा म्हणाली.

"नाही."

"मग काय, माझी पोरगी शहाणी आहे असं लिहिणार?"

ब्रँडीला हसू आलं नाही. 'माझ्या आईकडे तुमचं खरं पत्र वेळेवर पोचलं होतं,' तिने लिहिलं. 'मी ते खोटं ठरवलं. तिचा काही दोष नाही.' खाली स्वतःचं नाव इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.

"दुसरा घे," वांडा म्हणाली आणि बाळासाठी डावा हात पुढे केला. "आण त्याला इकडे."