दुहेरी भिंतीचा हंडा

ओब्राद तांबटाच्या कारखान्यात शिरल्यापासून तिहोमिरने दारू गाळण्याच्या एकाही हंड्याला सुखाने उभे राहू दिले नव्हते. प्रत्येक हंडा तो बोटाच्या पेराने वाजवून पाही, झाकण उचलून आत डोके घाली, सांध्यावरून नख फिरवी आणि मग असा चेहरा करून मागे सरे, की जणू त्या हंड्याने आपला गुन्हा नुकताच कबूल केला आहे.

"हा डाख शिशाचा नाही ना?"

"काका, शिशाचा डाख लावला तर माझा बाप कबरीतून उठून मला बडवेल. निव्वळ कथील आहे."

"मग बाजारात पत्र्याचे हंडे विकतात त्यांना का नाही बडवत?"

"सगळीकडे कुठे पुरणार तो एकटा!"

तिहोमिरला आपल्या गाडीतून घेऊन आलेला शेजारी झिवादिन दाराशी एका पालथ्या घंगाळावर बसला होता. तो म्हणाला, "घे बाबा एकदाचा. बायको पसंत करायलासुद्धा इतका वेळ लावला नव्हतास."

"पसंत तिने केलं होतं. मला कुणी विचारलंच नाही."

हंड्याच्या बाबतीत मात्र तिहोमिरची मते पक्की होती आणि ती कुणी विचारण्याची तो वाट पाहत नसे. पोलाद स्वच्छ दिसते म्हणून लोक त्याला भुलतात. परंतु राकिया, म्हणजे आलुबुखारांची दारू, गाळताना आंबलेल्या लगद्यातून वाफेबरोबर जो उग्र दर्प वर येतो, तो शोषून घेण्याचे काम तांब्याखेरीज कोणताही धातू करीत नाही. पातळ तळ लवकर तापतो हा त्याचा गुण नसून दोष आहे. वाफेची नळी रुंद हवी, सतत उताराची हवी, आणि तिच्या वाटेवर तोटी किंवा अडसर असे काहीही असता कामा नये. कारण वाफेला जायला वाट उरली नाही, तर हंडा आणि तोफ यांत फारसा फरक राहत नाही. या कसोट्यांवर घासून त्याने बहुतेक हंडे बाद केले, आणि शेवटी दोनच उरले.

पहिला जुन्या घडणीचा होता. एकेरी जाड तळ, थेट जाळावर बसणारा. झाकणाच्या मधोमध उभी सळई, तिच्या खालच्या टोकाला तळ घासणारी साखळी, वरच्या टोकाला लाकडी दांडा. भट्टी चालू असेपर्यंत हा दांडा फिरवत राहायचा, नाहीतर लगदा तळाला लागतो. दुसरा दुहेरी भिंतीचा होता. दोन भिंतींच्या मधे तेल, तेलाला फुगायला जागा, आणि दाब वाढलाच तर आपोआप उघडणारी झडप. त्यातला लगदा करपत नाही. त्याला फिरवावे लागत नाही.

"हा घेतो," दांड्याच्या हंड्यावर हात ठेवून तिहोमिर म्हणाला.

"फिरवणार कोण?"

"मुलगी येईल, रोसांदा. दरवर्षी येते."

झिवादिन छताकडे पाहू लागला.

"गेल्या वर्षी आली होती?" ओब्रादने विचारले.

गेल्या वर्षी ती आली नव्हती. परदेशात, लिंत्सच्या ज्या रुग्णालयात ती नोकरी करते, तेथून तिला रजा मिळाली नव्हती. तिहोमिर एकटाच एका हाताने दांडा फिरवीत होता आणि दुसऱ्या हाताने जाळ सारीत होता. झाकणाचा सांधा रिवाजाप्रमाणे कणकेने लिंपलेला होता. त्या कणकेकडे लक्ष ठेवायला, ती तडकली की पुन्हा लिंपायला, तिसरा हात नव्हता. म्हणून त्याने झाकणावर जड दगड ठेवला. आयुष्यभर शेजाऱ्यांना तो बजावत आला होता, की कणीक सुटते तेच बरे, आतला कोंडमारा आधी तिच्यातून बाहेर पडतो. लगद्यातल्या सालींनी नळीचे तोंड बंद केले, कणकेला सुटायला दगडाने जागा ठेवली नाही, आणि शेवटी झाकण दगडासकट उडाले. हंड्याचा काठ फाटला. तिहोमिरचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मुलीला फोनवर त्याने सांगितले, की या वर्षी राकिया थोडी कमी निघाली.

"आणि तुम्ही हो?" ओब्राद झिवादिनकडे वळला. "शेजारी ना तुम्ही?"

"त्याच आठवड्यात माझाही लगदा तयार होतो रे. आपली भट्टी सोडून दुसऱ्याच्या दांड्याला कोण जाणार?"

"मग काका, दांड्याचा हंडा मी तुम्हाला देत नाही."

"नाही देत? माल तुझा, पसंती माझी!"

"माल माझा, पण हात तुमचा एकच शाबूत आहे. आधी मुलीला विचारा. ती येते म्हणाली तर आत्ता गाडीत चढवून देतो."

रोसांदाला फोन लावायला तिहोमिर अंगणात गेला. खरे सांगायचे तर दांड्यावर त्याचा जीव होता तो चवीसाठी नव्हता. दांडा फिरवणाऱ्याला उठता येत नाही, आणि जाळ सारणाऱ्याला दूर जाता येत नाही. अशी दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता दिवसभर शेजारी बसली, की जे स्वयंपाकघरात वर्षभर निघत नाही ते बोलणे तेथे निघते. त्याच्या गेलेल्या बायकोने, लेपोसावाने, आपल्या दुखण्याची पहिली गोष्ट दांडा फिरवतानाच काढली होती. परदेशी जायचे ठरवले आहे, हे रोसांदाने दांड्यावरचा हात न थांबवता सांगितले होते, आणि त्यानेही जाळावरची नजर न काढता "जा" म्हटले होते. त्या एका शब्दाला पुरवणी जोडायची राहिली होती. ती जोडायला त्याला तीच जागा हवी होती.

"बाबा? बरं आहे ना सगळं?"

"उत्तम. ओब्रादकडे आलोय. नवा हंडा बघतोय."

"जुन्याला काय झालं?"

"वय झालं त्याचं."

"बाबा, हाताचं मला केव्हाच कळलंय. झिवादिनकाकांनी सांगितलं."

तिहोमिरने कारखान्याच्या दाराकडे अशी नजर टाकली, की झिवादिन घंगाळावरून उठून आत गेला.

मग त्याने दोन्ही हंड्यांची कैफियत मांडली. दांड्याच्या हंड्याचे गुण त्याने इतक्या बारकाईने आणि इतक्या जिव्हाळ्याने सांगितले, की ऐकणाऱ्याला एकच उत्तर सुचावे.

"आणि दुसरा?" तिने विचारले.

"दुसरा काय, ठेवला की चालतो. माणूस लागत नाही त्याला."

फोनमध्ये पलीकडून कुणीतरी चाकांची खाट ढकलत गेल्याचा आवाज आला.

"दुसराच घ्या, बाबा."

"चवीत फरक पडतो, रोसा."

"पडू दे. मला इथे झोप लागायला नको का? आणि मी येईन हो, जमलं की येईन. तेवढ्यासाठी हंडा कशाला अडवून धरता?"

"नाही, नाही. अडवून कुठे?" तो म्हणाला. "जेवलीस का?"

तिच्या बोलण्यात माया होती आणि ते बरोबरही होते. नुसती माया असती तर त्याने ती हसून बाजूला सारली असती, आणि नुसते बरोबर असते तर त्याने वाद घातला असता.

परत येऊन त्याने दुहेरी हंड्याकडे बोट केले. ओब्रादने हंडा अंगणातल्या चुलीवर चढवला, आत साधे पाणी भरले, झाकणाचा सांधा कणकेने लिंपला, नळी थंड पाण्याच्या पिंपातून नेली आणि जाळ लावला. घेणाऱ्यासमोर असा पाण्यावर चालवून दाखवल्याखेरीज त्याच्या कारखान्यातून हंडा बाहेर पडत नसे.

"आता?" तिहोमिरने विचारले.

"आता काही नाही. बसा."

तिहोमिर बसला नाही. तो हंड्याभोवती फिरत राहिला. झडप उचलताच तिने सोडलेला फुसकारा त्याने ऐकला, सांध्यापाशी गाल नेऊन वाफ लागते का ते पाहिले, नळीच्या प्रत्येक वळणाखाली तळहात धरला. एक थेंब चुकीच्या जागी पडला असता, एखादा टाका सैल निघाला असता, तर त्याने हा हंडा आनंदाने नाकारला असता आणि भांडण करायला पुन्हा कारखान्यात शिरला असता. नळीच्या तोंडाशी पाणी जमू लागले आणि एकसारख्या बारीक धारेने भांड्यात पडू लागले.

"काही सापडलं का, काका?"

तिहोमिरने भाजलेल्या हाताची बाही खाली ओढली.

"नाही," तो म्हणाला. "उत्तम केलायस."