आधी नमुना, मग कात्री

मरणापुढे राजा आणि रंक सारखेच, असं मोठमोठी माणसं फार पूर्वीपासून सांगत आली आहेत. त्यांतल्या एकानेही कधी कुणाचं माप घेतलेलं नसावं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या आईच्या मते कोणतीही दोन माणसं सारखी नसतात. फार कशाला, एकाच माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. राजाचा डावा खांदा उतरलेला असतो, रंकाचा उजवा, आणि चूक शिवणाऱ्याची आहे याबद्दल मात्र दोघांचं एकमत असतं.

त्यामुळे आईला तिचं दुखणं डॉक्टरांच्या आधी टेपने सांगितलं. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटचं पान तिचं स्वतःचं होतं. त्या पानावर चार महिन्यांत कंबर तीन इंचांनी उतरली. तिने आधी टेप बदलला. दुसरा टेपही तेच म्हणाला. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अरे, जरा ये बघू इकडे. मी आटायला लागलेय."

आतून चिरंजीव आले. वय त्रेचाळीस, नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी, लग्न नाही, छंद एकच. गोगलगायी. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या पेटीत अकरा गोगलगायी होत्या, आणि कोण तासाला किती सरकली याचा आलेख चिरंजीव रोज काढत. सगळ्यांत चपळ होती तिचं नाव तुफान. "आमच्या मुलाला पहिल्यापासून वेगाची फार आवड," असं आई गिऱ्हाइकांना सांगे, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. घरात याखेरीज एक मांजर होतं. ते स्वतः काडीचं काम न करता कापडाच्या टेबलावर बसून इतरांच्या कामावर नजर ठेवी, म्हणून त्याला मुकादम म्हणत.

तपासण्या झाल्या आणि मायलेक सर्जनसमोर जाऊन बसले. सर्जन पन्नाशीचा, नीटनेटका, बोलण्यात घाई नसलेला. त्याने फोटो उजेडावर धरला.

"जठराच्या अस्तरात गाठ आहे. साधी नाही. काढावी लागेल."

चिरंजिवांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नर्सने पेशंटसाठी आणलेलं पाणी त्यांना पाजलं. पेशंट मात्र खुर्चीच्या टोकावर सरकून फोटोत वाकून पाहत होती.

"अस्तर? मला अस्तर आहे?"

"सगळ्यांनाच असतं, आजी."

"बघा म्हणजे! चाळीस वर्षं मी लोकांना अस्तर लावून देतेय, आणि लोक घरूनच लावून आलेले. आणि आजी नका म्हणू हो. मला आजी करायला या गृहस्थाला आधी काहीतरी हालचाल करावी लागेल."

त्यानंतर तिने विचारायला सुरुवात केली. काप उभा घेणार की आडवा? दोरा कसला? आतला थर वेगळा शिवता की सगळे एकदम? सर्जनने तीन प्रश्नांपर्यंत उत्तरं दिली आणि चौथ्याला हसून म्हणाला, "बाई, हे आमच्यावर सोडा ना."

"सोडते की. फक्त तुमच्या हातचा एक नमुना दाखवा. नमुना पाहिल्याशिवाय मी कुणाकडून साधं बटण लावून घेतलेलं नाही."

"पोटाचा नमुना नसतो हो."

"मग सहीपण नसते," आई म्हणाली, आणि संमतीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

बाहेर सर्जनने चिरंजिवांना बाजूला घेतलं. "दोन आठवड्यांनी गुरुवारची तारीख धरलीय मी. ती चुकली तर पुढे दीड महिना मी इथे नाही. आणि ही गाठ दीड महिना गप्प बसणारी नाही. त्यांचं हसण्यावारी नेऊ नका."

चिरंजीव हसत नव्हते. ते भिंतीला धरून उभे होते.

घरी आल्यावर कागद काचेच्या पेटीशेजारी पडून राहिला आणि विनवण्या सुरू झाल्या.

"आई, चेष्टा नाहीये ही."

"मी कुठे चेष्टा करतेय? तीस रुपयांची बाही उसवली तरी लोक विचारतात, नीट शिवाल ना? मी पोट देतेय."

"तो एवढा मोठा सर्जन आहे!"

"मोठ्या माणसांचे टाके बहुतेक दुसरेच घालतात. मला माहितीये."

शेजारीपाजारी दुखवट्याचे चेहरे करून यायचे. खुर्चीत बसून उसासा टाकायचे, आणि उसासा टाकताना छाती किती फुगते हे पाहून आई त्यांना कोट ढिला करून घ्यायला सांगायची. आलेली माणसं गंभीरपणे येत आणि कॉलरचं माप देऊन जात. मुकादम टेबलावरून सगळ्यांकडे पाही आणि कुणाच्याही वागण्यावर समाधानी नसे.

पाच दिवस गेले. चिरंजीव रात्री जेवेनासे झाले. आणि मग कचेरीत कुणाच्या तरी बोलण्यातून त्यांना कळलं की मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनचं पोट दोन वर्षांपूर्वी याच सर्जनने उघडलं होतं.

आता, ओळखीच्या माणसाकडे जाऊन "तुमचं पोट दाखवा" असं कसं म्हणायचं? चिरंजीव दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परतले. तिसऱ्यांदा डोळे मिटून म्हणाले, "आईने तुम्हाला शर्टाच्या मापाला बोलावलंय." पोस्टमनने शर्ट शिवायला टाकलेला नव्हता, पण उभ्या आयुष्यात लोकांनी त्याची वाटच पाहिलेली असल्यामुळे कुणीतरी बोलावतंय याचाच त्याला आनंद झाला. तो लगेच आला.

"शर्ट वर करा," आई म्हणाली.

"असं घेतात माप?"

"नवी पद्धत आहे."

आईने सुई ओवायचं भिंग काढलं आणि पोस्टमनच्या पोटावरचा व्रण वरून खाली वाचायला घेतला. चिरंजीव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हं. अंतर सारखं. ताण बेताचा. कुठे चुणी नाही. हात चांगला आहे याचा."

चिरंजिवांनी पाच दिवसांचा श्वास सोडला.

"पण खालचे तीन टाके दुसऱ्याचे आहेत."

"काय?" हे पोस्टमन आणि चिरंजीव एकदमच म्हणाले.

"वरचे टाके उजव्या हाताचे, खालचे डाव्या हाताचे. कुणीतरी डावखुरं माणूस आहे, आणि नवशिकं आहे. जपून घातलेत, पण नको इतके जपून."

पोस्टमन मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे आदराने पाहू लागला. इतकी वर्षं जवळ असून त्यात एवढं वाचण्यासारखं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी सर्जनला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते, पण तोंडातून निघालं ते असं: "पोस्टमनचे खालचे तीन टाके तुमचे नाहीत, असं आई म्हणते."

सर्जन दोन पायऱ्या पुढे गेला होता. तो थांबला.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"पोटाने."

"माझी सहायक डावखुरी आहे," सर्जन हळूच म्हणाला. "शेवटचे टाके शिकायला म्हणून मी तिला देतो. कुणाला आजवर..." तो दोन पायऱ्या मागे आला. मग म्हणाला, "रविवारी दुपारी असतात का हो त्या घरी?"

रविवारी तो खरंच आला. त्याने बॅग खाली ठेवली आणि मुकादम तिच्यावर जाऊन बसला. आईने अस्तराच्या कापडाचा तुकडा काढून मधोमध कात्रीने चीर पाडली आणि त्याच्यापुढे सरकवला. सर्जनने बाह्या वर केल्या, चिमट्यात वाकडी सुई धरली आणि शिवायला बसला. आई शेजारी. चिरंजीव उभे. आवाज फक्त दोऱ्याचा.

"प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारता?" आईने विचारलं.

"एखादा सुटला तरी बाकीचे राहतात."

"असं होय! आम्ही सलग धावदोरा घालतो. एक सुटला की अख्खी बाही हातात." तिने तुकडा उजेडाला धरला, ताणला, उलटा करून पाहिला. "छान. जरा शिकवलं तर काज करता येईल तुम्हाला."

बावीस वर्षं सर्जरी केलेला माणूस परीक्षेत पास झाल्यासारखा लाजला.

चिरंजिवांनी संधी साधून पेन पुढे केलं. आईने ते घेतलं नाही. ती कापडाच्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"टाक्यांचं एवढं काही नसतं हो," ती म्हणाली. "शिवलेलं चुकलं तर उसवता येतं. कापलेलं नाही. कापलं की कापलं. डॉक्टर, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा."

"कापायच्या आधी तुमचा हात थांबतो का?"

आई इतके दिवस बोलत होती शिलाईबद्दल आणि घाबरली होती ती कात्रीला, हे चिरंजिवांना तेव्हा कळलं. त्यांनी पेन खिशात ठेवून दिलं.

सर्जनने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी विद्यार्थी तर ऐकत नाही ना, अशा नजरेने.

"थांबतो," तो म्हणाला.

"दरवेळी?"

"दरवेळी. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी नर्सला सांगतो, दिवा जरा डावीकडे घ्या. दिवा बरोबरच असतो."

आई त्या पंधरवड्यात पहिल्यांदा मोकळं हसली. "मी चष्मा पुसते. चष्मा स्वच्छच असतो."

"असं?"

"तर काय. माझ्याकडे शिकायला आलेल्या ज्या मुलींचा हात थांबत नसे त्यांना मी दोन दिवसांत घरी पाठवलं. हुशार होत्या, पण कापडाची भीती नाही म्हणजे काय! आण रे तो कागद."

चिरंजीव धावले आणि कट्ट्याशी जाऊन खिळले. पेटीचं झाकण अर्धवट सरकलेलं होतं. तुफान बाहेर पडून कागदावर बसली होती, आणि कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा, म्हणजे नेमकी सहीची जागा, तिच्या पोटात गेली होती.

"आई... सहीची जागा खाल्ली गं हिने."

आईने कपाळावर हात मारला. सर्जन मात्र उठून जवळ आला आणि कमरेत वाकून पाहू लागला.

"एवढा कागद किती वेळात खाते?"

"चार-साडेचार तास धरा," चिरंजीव म्हणाले, आणि त्या गोंधळातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. "एरवी जास्त लागतो. आज फॉर्मात दिसतेय."

"समासात केली तर चालेल का?" आईने विचारलं.

"करा. मी खाली कारण लिहितो."

त्याने खरंच लिहिलं: 'मूळ जागा गोगलगायीने खाल्ल्यामुळे सही समासात.' इस्पितळाच्या कचेरीने या वाक्याचा खुलासा नंतर तीनदा मागवला.

गुरुवारी सकाळी आईला आत नेलं. चिरंजीव बाहेरच्या बाकावर बसले. चार तास दहा मिनिटं. एवढ्या वेळात तुफान कुठवर गेली असती याचा त्यांनी तोंडी हिशोब केला. आकडा दरवेळी वेगळा येत होता. एरवी त्यांचं असं कधी होत नसे.

दार उघडलं. सर्जन मास्क खाली ओढत आला.

"गाठ निघाली. डोळ्यांना तरी पूर्ण निघाल्यासारखी दिसतेय. तपासणीचा निकाल आठ दिवसांनी. तोवर मी मोठं काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका."

चिरंजिवांनी मान हलवली.

"आणि तुमच्या आईंनी पोटावर खडूने रेघ मारून ठेवली होती."

"अरे देवा. माफ करा हं, ती..."

"रेघ सुरेख सरळ होती. फक्त मला हवी त्याच्या बोटभर डावीकडे. सगळे हसायला लागले. त्या गडबडीत आज दिवा हलवायला सांगावं लागलं नाही." तो निघाला, आणि वळून म्हणाला, "शेवटचे टाकेही माझेच. सहायक रुसून बसलीय."

संध्याकाळी पाच मिनिटं भेटायला सोडलं. आई पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती. तिला दिवसाउजेडी आडवं पडलेलं चिरंजिवांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते पलंगाला अगदी चिकटून उभे राहिले. त्रेचाळीस वर्षांत न बोललेलं बरंच काही त्या बाकावर त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं दारातच विसरलं.

"आई," ते म्हणाले, "मी कधी बोललो नाही. पण कचेरीतून आलो आणि मशीनचा आवाज नाही आला, की मी बाहेरच थांबतो. आत यायला भीती वाटते. आवाज सुरू झाला की मग बूट काढतो. रोज. तू विचारतेस ना, उशीर का झाला म्हणून... तर ते असं आहे."

आईचे डोळे किलकिले झाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. चिरंजीव खाली वाकले आणि त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"अरे," आई पुटपुटली, "नळीवर पाय दिलायस माझ्या. काढ ना जरा."