सतरा घरांचा धूर

सुरेखा सकाळपासून एक शब्दही खोटं बोलली नव्हती. नुसती मूग गिळून बसली होती, आणि तेवढ्यानेच तिचा जीव अर्धा झाला होता.

तिचं आडनाव पवार. मुंबईच्या कॉलेजात मानसशास्त्राला नाव घातलं तेव्हा हे आडनाव ऐकून कोणी पुढे काही विचारलं नाही, आणि पवार कातकऱ्यांतही असतात हे तिनेही सांगितलं नाही. गाव कुठलं, तर शहापूरकडचं. संपला विषय! खर्डीपलीकडची वाडी, आईबापांची वीटभट्टीवरची मजुरी, घरची बोली, सगळं तिने त्या एका 'कडचं'मध्ये कोंबून ठेवलं होतं. दोन वर्षं ते तसंच राहिलं. आणि आता रंजिता मॅडमच्या संशोधनाची मदतनीस म्हणून बाईसाहेब येऊन बसल्या कुठे, तर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्यापासून आत, कातकरवाडीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर.

संशोधन होतं आपलेपणावर. माणसाला आपली वाडी आपली वाटते का, आणि वाटत असेल तर त्याचं मन ठिकाणावर राहतं का. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर. ज्या वाड्यांचे गुण कमी भरतील तिथे एक संस्था वर्षभर दर आठवड्याला एक ताई पाठवणार होती, माणसांशी बोलायला, त्यांच्या मनाचं ऐकायला. सगळ्या वाड्यांना पुरतील एवढ्या ताया संस्थेकडे नव्हत्या.

मॅडम माणूस चांगल्या, अभ्यास दांडगा. पण आल्या कधी, तर श्रावणात! श्रावणात वाडी माणसांनी भरलेली असते. ओट्यावर पोरं, ओट्याखाली पोरं, बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघतायत, आणि मधोमध मॅडम विचारतायत, वाडीत तुमच्यासोबत कोणी आहे असं वाटतं का? कोणीही म्हणणार, पाच. दुपारपर्यंत सुरेखाने तेवीस फॉर्म भरले आणि बहुतेक सगळीकडे पाच लिहिले. लिहिताना तिला आतून सारखं टोचत होतं. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, परत काढत होती.

मॅडमना बोली समजत नव्हती म्हणून वाडीतलाच बारावी झालेला संजू दुभाषा होता. चोविसावी आली त्याची चुलती मंगळी. वाळलेली, काटक म्हातारी. अकरावा प्रश्न तोच, सोबतीचा. मंगळी बोलत सुटली. चांगली दोन-तीन मिनिटं बोलली. संजू मान खाली घालून ऐकत होता.

"म्हनते, सगली हायेत माझ्यासोबत," तो म्हणाला. "पाच लिवा."

सुरेखाने पाच लिहिला. आकडा वाकडा आला.

संजू वाईट नव्हता हो. दिवाळी झाली की ज्या टेम्पोत बसून अख्खी वाडी भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जाते, त्याच टेम्पोत तोही बायकापोरांसकट चढतो. म्हातारीला मागे सोडून जातो हे पाहुण्यांसमोर कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून त्याने सांगितलं नाही. गप्प बसणं म्हणजे काय ते सुरेखाला कोणी शिकवायला नको होतं.

मॅडमनी बारावा प्रश्न वाचला. सुरेखाला तो ऐकूच आला नाही. आत्ता बोललं तर मॅडमना कळणार, मग वर्गाला, मग खोलीतल्या मुलींना. नाही बोललं तर या वाडीच्या पाचांत एक पाच वाढणार आणि ताई दुसरीकडे जाणार. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

"मॅडम, त्या असं नाही म्हणाल्या."

संजूने चमकून पाहिलं. "तुमाला काय समजते ताई आमची बोली?"

सुरेखाने त्याला उत्तर दिलं ते त्याच बोलीत. ओट्यावरची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मग ती मॅडमकडे वळली.

"त्या विचारत होत्या, कोणत्या दिवसांचं सांगू? आत्ताचं, की दिवाळीनंतरचं? दिवाळीनंतर वाडी भट्टीवर जाते. म्हाताऱ्यांना भट्टीवाला घेत नाही, म्हणून या एकट्याच मागे राहतात. घरांच्या कुडाच्या भिंतींना वाळवी लागू नये म्हणून त्या रोज सतरा घरांत चूल पेटवून धूर करतात. शिजवतात एकाच घरात. होळीपर्यंत आपला आवाजही आपल्याला ओळखू येत नाही, म्हणाल्या."

मॅडमनी तिच्या हातातला फॉर्म घेतला. पाच खोडला, एक लिहिला. मग आधीच्या तेवीस फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. "आपण चुकीच्या महिन्यात आलो," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग, "तुला ही भाषा येते?"

"घरची आहे."

संजू उठून ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. सुटल्यासारखं वाटेल असं सुरेखाला वाटलं होतं, पण कानशिलं नुसती तापली होती.

मंगळी मात्र सरकत सरकत तिच्याजवळ आली. कोणाची, कुठली, सगळं बोलीतच विचारून घेतलं. सुरेखा सांगत गेली. आईबाप भट्टीवर असायचे, ती आश्रमशाळेत. आजी जनी, ती घरीच, खर्डीच्या वाडीत. गेली, चार वर्षं झाली, माघात. मंगळीने तिचा हात हातात घेतला आणि आणखी एक प्रश्न विचारला.

"काय म्हणाल्या त्या?" मॅडमनी पेन सरसावलं.

"विचारतायत, आजी गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं."

"मग?"

"कोणी नव्हतं, मॅडम."