चिंचोक्यांचं माप

सत्त्याण्णव साली इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यात गुरुवारी पेशंटांपेक्षा भक्त जास्त असत. दत्तोबाच्या खाटेभोवती तर मुंगीला वाट नव्हती. हिंदुराव महाराजांनी भंडाऱ्याची मूठ उधळली. "औषध वरनं लागतं, भंडारा आतनं लागतो!"

साखरेच्या आजारानं चिघळलेली दत्तोबाची टाच खरंच भरत होती. शेजारच्या खाटेवरच्या आबाजीची मात्र होती तशीच. दोघांना डॉक्टर एक, गोळ्या त्याच. फरक एवढाच, की भंडारा पुढं येताच आबाजी म्हणाला होता, "हळद कालवणात टाका." महाराजांना याहून चांगला पुरावा कोण देणार?

"आता गोळ्या बंद. मठात आणा!"

दत्तोबाची बायको भागूबाई लगेच पिशवी भरू लागली. डॉक्टर योगिनीताईंनी तिला अडवलं. "टाच पुन्हा चिघळली तर पाय काढावा लागेल. थोडं थांबा."

"आन् म्हाराज कोपलं तर?"

"माझ्यावर कोपू देत."

फरक नक्की कुठं पडतो ते मोजायला ताईंनी दोन्ही खाटांशी चहाचा एकेक रिकामा कप ठेवला. शकुबाई सिस्टरनी जखमेला हात लावला, की भागूबाईनं त्या खाटेच्या कपात एक चिंचोका टाकायचा.

दुसऱ्या संध्याकाळी दत्तोबाचा कप शिगोशीग. आबाजीच्या कपाचा तळही झाकला नव्हता.

"सिस्टर, हे काय?"

कपाळभर भंडारा लावलेल्या शकुबाई भडकल्या. "काय म्हंजे? येणारा-जाणारा चिमूट टाकतोय, ती जखमेत पडती. धुवायचं कुणी? धू, पूस, पट्टी बदल! आबाजीचं बरं हाय. सकाळी एकदा बांधला की दिवसभर गप."

ताई ओशाळल्या. "गोळ्या सारख्या म्हणजे उपचार सारखा, असं मीही धरून बसले होते."

भागूबाईनं पिशवी खाटेखाली सरकवली. मग आबाजीच्या टाचेचीही तेवढीच उस्तवार सुरू झाली, हळदीशिवाय. पुढच्या गुरुवारपर्यंत तीही भरू लागली.

महाराज डगमगले नाहीत. "वाऱ्यानं भंडाऱ्याचं कण तिकडं उडालं आसतील!"

"आसतील की," भागूबाई म्हणाली. "मठात यायला आमी तयार हाय. फकस्त सांगा, तितं ह्यांची जखम कोण धुणार? तुमी?"

महाराजांनी उघड्या टाचेकडं पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि त्यांना एकदम अंथुर्णे गावी ठरलेलं कीर्तन आठवलं.

तेव्हा मंडळी, गुण आला की जयजयकार कुणाचा करायचा ते सावकाश ठरवा. जखम कुणी धुतली आणि किती वेळा, तेवढं आधी विचारा.