खारातला राता

"आत्या, मी लॅबमध्ये आहे गं. नंतर बोलू का?" कृतिकाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"तुझा नंतर कवा उजाडतो मना म्हायती हाय," पलीकडे तुळसाआत्या हसली. "एकच इचारते. माझा बी कवा आनशील? मिरगाच्या आधी पायजे. दिपेश पट्टी नांगरून देनार हाय."

"कुठली पट्टी?"

"खाडीकडची गो. कांदलवनाला लागून हाय, तिथं बिल्डिंग बांधाला परवानगी नाय. तसाच पडलाय तुकडा. म्हटला, तुझा बी आला की एकदा राता लावू."

कृतिका समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. आत्याला वाटलं, फोन कट झाला. तिने दोनदा हॅलो हॅलो केलं आणि ठेवून दिला.

पडद्यावर भाताच्या मुळाची पेशी मोठी होऊन पसरलेली होती. पेशीच्या मधल्या पोकळीत कोंडलेलं मीठ रंगद्रव्यामुळे हिरवं चमकत होतं. खाऱ्या जमिनीतला राता भात जगतो कसा, याचं उत्तर त्या चित्रात होतं: तो मीठ पेशीच्या एका कप्प्यात बंद करतो आणि बाकीची पेशी वाचवतो. ते चित्र एका मोठ्या संशोधन नियतकालिकाने स्वीकारलं होतं. त्याच्या जोरावर ठाण्याच्या या संस्थेतली तिची पोस्टडॉकची मुदत वाढली होती. आणि आत्याचा राता जगात कुठेही उरला नव्हता.

कृतिका भोईर पस्तिशीची होती. पीएचडीनंतर आधी हैदराबादला आणि मग इथे ती पोस्टडॉक करत होती. घरी कोणाला पोस्टडॉक म्हणजे काय ते नीट कळलेलं नव्हतं. लग्नकार्यात बायका विचारायच्या, "अजून शिकतेस?" आणि ती "हो" म्हणायची. नोकरी म्हणावी तर दरवर्षी संपणारी, शिक्षण म्हणावं तर कधीच न संपणारं. एकटी तुळसाआत्या असं काही विचारत नसे. ती विचारायची, "आज काय बघितलास?" कृतिका जे सांगेल ते सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बरा हाय. माती तरी हाय त्याच्यात."

आत्याची शेती गेली होती. खाडीकाठच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले होते आणि ती मुलाबरोबर, दिपेशबरोबर, मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. सोबत पत्र्याच्या डब्यात तिच्या सासूच्या हातचं बी आलं होतं. फक्त त्यांच्या गावच्या खारात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतात, पिढ्यान्‌पिढ्या लावलेला लाल दाण्याचा राता. कृतिकाने एकदा सहज सांगितलं, की मीठ सोसणाऱ्या भातावर काम करायचं आहे. तेव्हा आत्याने तो डबा काढला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि तिच्या ओटीत ठेवला.

"सासूनं मना दिलेला. मी तुला देते. वाढव आनि थोडा मना परत दे."

बी जुनं होतं, फार थोडं रुजलं. निम्मी रोपं प्रयोगासाठी आणि निम्मी बियाण्यासाठी, असं कृतिकाने ठरवलं होतं. बियाण्याची रोपं तिने संस्थेच्या खडवलीच्या शेतावर, जाळीच्या घरात लावली. दर आठवड्याला ती स्वतः जाऊन पाहायची. रोपं गुडघाभर झाली आणि त्याच सुमारास नियतकालिकाकडून परीक्षकांचं म्हणणं आलं: निष्कर्ष चांगला आहे, पण रोपांची संख्या अपुरी आहे.

"अजून रोपं आहेत ना आपल्याकडे?" तिचे वरिष्ठ, आनंद सर, यांनी विचारलं होतं.

"आहेत, सर."

ती शेवटची आहेत, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी थांबवलं असतं. ते तसे होते. खडवलीला जाऊन तिने स्वतःच्या हाताने सगळी रोपं उपटली, मुळं धुतली, टोकं कापली आणि रसायनाच्या बाटल्यांत टाकली. डब्यात अजून बी होतं, ते रुजवून घेऊ, अशी तिने मनाची समजूत घातली. ते बी काचेच्या बशीत ओल्या कागदावर पडून राहिलं, बुळबुळीत झालं, त्यावर बुरशी धरली. तिने पुन्हा पुन्हा बश्या लावल्या. शेवटची बशी धुताना ती बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभी होती.

आत्याच्या फोननंतर तिने बियाणं बँकेत काम करणाऱ्या मित्राला, अद्वयला, गाठलं.

"राता आहे आमच्याकडे," तो म्हणाला. "पण तू म्हणतेस त्या गावचा नाही. अलिबागकडचा आहे. दिसायला सेम टू सेम, जीन्स बघशील तर वेगळा. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

"कशाला हवाय?"

"लावायला."

मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आत्याने ती पुडी उघडली, लाल दाणे तळहातावर घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. मग तोच हात कपाळाला लावला.

"जिता ठेवलास गो बाय. मना वाटला, या जन्मात आता नाय दिसत."

"आत्या, ते बी..."

"बस, चाय घे. दिपेश! बघ, बायनं काय आनलाय!"

दिपेश बाहेर आला, त्याने फोटो काढला. कृतिका फोटोत हसली. सांगायची ती वेळ होती. ती वेळ निघून गेली.

पुढे सगळं आपोआप होत गेलं. पट्टी नांगरली, पेरणी झाली, लावणी झाली. आत्या रिक्षा करून खाडीवर जायची आणि व्हिडिओ कॉलवर रोपं दाखवायची. त्याच दिवसांत लेख छापून आला आणि हिरव्या पेशीचं चित्र मुखपृष्ठावर झळकलं. संस्थेत केक कापला. दिपेशला बातमी कळताच त्याने मानपाड्याच्या नाक्यावर बॅनर लावला: 'आपली कन्या, शास्त्रज्ञ डॉ. कृतिका भोईर. खारातल्या राता भाताला जीवदान.' खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. बॅनर उतरेपर्यंत कृतिका मानपाड्याला जायचं टाळत राहिली. एकदा जावंच लागलं, तेव्हा तिने रिक्षा मागच्या गल्लीतून घ्यायला लावली आणि तरीही वळणावर तोंड दुसरीकडे फिरवलं.

भात कापून झाल्यावर आत्याने नवं ठेवलं. नव्या भाताचा पहिला नैवेद्य देवीला, मग माणसांना. गावकीतली जुनी माणसं टॉवरांच्या वेगवेगळ्या मजल्यांवरून उतरून तिच्या फ्लॅटवर आली. हॉलमध्ये चटया घातल्या होत्या. आत्याचा शेजारी रघुदादा भिंतीला टेकून बसला होता. एके काळी त्याची खाचरं आत्याच्या खाचरांना लागून होती. आता मोतीबिंदूमुळे त्याला नीट दिसत नव्हतं आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखत होता.

कृतिका स्वयंपाकघरात शिरली. आत्या एकटीच होती. टोपावरचं झाकण काढलं होतं आणि लालसर भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"ये गो. पयला घास तुझा हाय."

"आत्या, हा तुझा राता नाहीये."

आत्याने हसूनच वर पाहिलं. कृतिकाचा चेहरा बघून ते हसू विरलं.

"तुझा मेला. माझ्यामुळे. बियाण्यासाठी ठेवलेली रोपं मी प्रयोगासाठी कापली. लेख छापायचा होता. उरलेलं बी रुजलं नाही. हा अलिबागकडचा आहे, बँकेतून आणला. तुला फसवलं मी."

बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. आत्याने झाकण पुन्हा टोपावर ठेवलं. ते नीट बसलं नाही, तिने पुन्हा बसवलं.

"सगला मेला?"

"सगळा."

"एक दाना पन नाय?"

"नाही."

आत्या ओट्याला धरून उभी राहिली. तिने पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. कृतिका तिच्या खांद्याला हात लावायला गेली, तशी ती थोडी बाजूला सरकली. जोराने नाही. वाटेत कोणी उभं असलं की सरकावं, तेवढीच.

"मी बाहेर सगळ्यांना सांगते," कृतिका म्हणाली. "आत्ताच सांगते. चूक माझी आहे, तुझी नाही."

"नको."

"पण आत्या, हे खोटं..."

"तुला मोकला वाटावा म्हनून त्यांचा नवा नासवू?" आत्याचा आवाज चढला नाही. "म्हातारी मानसा हायत. पुढल्या साली यातला कोन आसल, कोन नसल. तू गप बस. पाट मांड."

कृतिकाने डोळे पुसले आणि पाट मांडले. आत्याने देवीपुढे नैवेद्य ठेवला, हात जोडले. एरवी मोठ्याने देवीशी बोलणारी आत्या आज काहीच बोलली नाही. मग टोप उचलून ती हॉलमध्ये आली आणि एका बाजूने वाढत निघाली.

रघुदादाने ताटावर वाकून आधी वास घेतला. मग कोरडाच भात बोटांनी चाचपून तोंडात टाकला आणि डोळे मिटून हळूहळू चावत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तोच," तो म्हणाला. त्याच्या गालावर पाणी आलं होतं. "तोच गो तुलसे, आपल्या खारातला. आयनं भरवल्यासारखा वाटला."

कृतिकाने आत्याकडे पाहिलं. आत्या टोपात बघत होती.

"तोच हाय, दादा," ती म्हणाली. "अजून वाढू?"

त्याने ताट पुढे केलं. तिने वाढलं, पुढच्याला वाढलं, आणि ओळीच्या शेवटी कृतिकासमोर येऊन थांबली. तिच्याकडे न बघता तिने सगळ्यांना वाढला तेवढाच भात तिच्या ताटात घातला, मधोमध बोटाने खळगा केला आणि त्यात तूप सोडलं.

"जेव," म्हणाली आणि आत गेली.

कृतिकाने मान खाली घालून पहिला घास घेतला. भात चांगला झाला होता.