आवडीचा पगार

ताईला ताळेबंद आवडतात. म्हणजे खरंच आवडतात. लोक जेवताना टीव्ही बघतात, ही कुठल्यातरी सिमेंट कंपनीचा ताळेबंद बघते आणि मध्येच खुदकन हसते. मला त्यातलं काही कळत नाही. मला पगार कळतो.

बाबांचं काम सुटलं आणि त्याच महिन्यात एका गुंतवणूक कंपनीत एक जागा निघाली. ताईने आणि मी, दोघांनीही अर्ज केला. आई म्हणाली, "कुणीही एकजण नोकरीला लागून या. तिथे भांडू नका."

मुलाखतीला तिथल्या साहेबांनी आम्हाला एकत्रच बसवलं. टाय इतका घट्ट, की प्रश्न पिळून बाहेर येत होता. "या क्षेत्रात का यायचंय? आवड, की पैसा?"

मी म्हणालो, "साहेब, बाकीची पोरं गोष्ट ऐकून झोपायची. मी व्याजदर ऐकून झोपायचो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

ताई म्हणाली, "मला आवड आहे. काम मन लावून करीन. पगार किती?"

साहेबांचे डोळे लगेच कोरडे झाले. "मॅडम, खरी आवड असती तर पगार विचारला नसता."

"अहो, वाणी आवड घेऊन पीठ देत नाही!"

"फारच पैशाच्या मागे," असं मोठ्याने म्हणत त्यांनी तिच्या नावावर काट मारली. दिवसभर पैसाच विकणारी कंपनी ही! मग माझ्याकडे वळले. "अभिनंदन. पहिलं वर्ष बिनपगारी. एवढी आवड असताना पैसे देऊन तुमचा अपमान कशाला?"

"तुमचा अपमान कोणी करत नाही का, साहेब?" मी विचारलं.

"दर वर्षी करतात. बोनससकट. मी गिळतो."

माझं डोकंच फिरलं. "मी थापा मारल्या! व्याजदराने मला झोप येते, कारण तो रटाळ असतो. आवड हिला आहे. मला नुसता पैसा पाहिजे!"

साहेब ताडकन उठले. आता हाकलणार, असं वाटलं. त्यांनी हात पुढे केला. "नुसत्या थापेने मला रडवलंत तुम्ही! विक्री विभागात या. उद्यापासून, पूर्ण पगार."

"आणि ताई?"

"त्या खरं बोलतात हो. ग्राहकासमोर कसं बसवणार?"

त्यांनी पुढे सरकवलेला नेमणुकीचा कागद मी फाडायला उचलला. ताईने माझं मनगट धरलं. तिची बोटं रुतत होती.

"सही कर."

"ताई, अगं, हा माणूस..."

"सही कर म्हणते ना! नोकरी लागली एवढं आईला मी सांगते. कशाच्या जोरावर लागली, ते तू सांग."